रस्त्यांचे दप्तर

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात डांबर, खडी आणि भेगा हा काय विषय झाला, असे म्हणून काही वाचक नाक मुरडतील. माझा विषय अर्थशास्त्र आहे. रस्तेबांधणीचे शास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. पण अपुरा पैसा अनेक गरजांत कसा वाटावा, हा आमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि तो रस्त्यांच्या दुरुस्तीत जितका उघडावाघडा दिसतो तितका पाठ्यपुस्तकातील तोफा आणि लोण्याच्या उदाहरणातही दिसत नाही.

‘पेव्हमेंट मॅनेजमेंट सिस्टिम’ या नावाची एक पद्धत गेली पन्नासएक वर्षे जगात वापरात आहे. इथे पेव्हमेंट म्हणजे पदपथ नव्हे. वाहने जिच्यावरून जातात ती रस्त्याची सगळी थरांची बांधणी. या रस्त्यांची पाहणी करायची, तिची नोंद ठेवायची आणि कोणती दुरुस्ती केव्हा करावी हे संगणकाच्या साहाय्याने ठरवायचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. संगणकाची आज्ञावली, म्हणजे जिला आता सगळेच सॉफ्टवेअर म्हणतात ती, हा तिचा मधला भाग. तिच्या आधी रस्त्यावर चालणारा माणूस लागतो आणि तिच्यानंतर निर्णय घेणारा. या दोघांविषयी मला अधिक सांगावयाचे आहे.

प्रश्न असा. एका नगरपालिकेकडे शंभर किलोमीटरचे रस्ते आहेत आणि यंदा दुरुस्तीसाठी ४० लाख रुपये आहेत. आधी कोणता रस्ता घ्यायचा? वर्गात विचारा, चहाच्या टपरीवर विचारा, उत्तर एकच येते: सर्वांत खराब असेल तो. हे उत्तर इतके साहजिक आहे की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

थोडे गणित करू. आकडे केवळ समजुतीपुरते घेतले आहेत. समजा, एक किलोमीटरचा एक रस्ता पुरता उखडला आहे. तो खणून, नवी खडी दाबून पुन्हा डांबरीकरण करायला ४० लाख लागतात. दुसरीकडे पाच किलोमीटरचे रस्ते असे आहेत की वरवर ठीक दिसतात, पण त्यांवर बारीक भेगा पडू लागल्या आहेत. भेगा भरून वर पातळ थर दिला तर किलोमीटरमागे ८ लाखांत काम भागते. हातात आहेत ते ४० लाख उखडलेल्या रस्त्यावर घातले तर एक किलोमीटर सुधारतो आणि तीन-चार पावसाळ्यांत ते पाच किलोमीटरही उखडतात. मग त्यांना २ कोटी लागतात. उलट ते पाच किलोमीटर आधी सांभाळले, तर उखडलेला रस्ता उखडलेलाच राहतो खरा. पण त्याचा खर्च फारसा वाढत नाही, कारण तो तसाही खणूनच करायचा आहे. ‘बुडत्याचा पाय खोलात’ ही म्हण इथे लागू पडत नाही. तळाला गेलेला रस्ता आणखी किती खोल जाणार? बुडण्याच्या बेतात आलेला मात्र पाहता पाहता जातो.

तो इतक्या झपाट्याने का जातो, हे समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडच्या बहुतेक साध्या रस्त्यांत डांबराचा थर पातळ असतो आणि तो छपराचे काम करतो. वजन पेलतात ती खालची खडी आणि मुरूम. छप्पर शाबूत आहे तोवर खालचा माल कोरडा राहतो, आणि कोरडा आहे म्हणून घट्ट राहतो. भेगेतून पाणी उतरले की प्रत्येक चाकाबरोबर ते दाबले जाते आणि खडीच्या फटींतला बारीक माल घेऊन वर उसळते. पावसाळ्यात भेगांच्या कडेने मातकट डाग दिसतात ते याचेच. आतून पोकळ झालेला तो तुकडा मग एखाद्या जड ट्रकखाली बसतो, आणि आपण म्हणतो, रातोरात खड्डा पडला! या विषयावरच्या अमेरिकी पुस्तकांत एक आलेख हटकून असतो. रस्त्याचे वय आडव्या अक्षावर, प्रकृती उभ्या अक्षावर. रेषा बराच काळ जवळजवळ सपाट चालते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. शेजारी ‘इथे एक डॉलर, तिथे सहा ते आठ डॉलर’ अशा धर्तीचे आकडे लिहिलेले असतात. त्या आकड्यांवर मी अक्षरशः विश्वास ठेवीत नाही. ऊन, पाऊस, माती आणि वाहतूक यांप्रमाणे ते बदलणारच. रेषेचा आकार मात्र खरा आहे.

मग प्रश्न येतो, रस्ता ‘खराब’ म्हणजे किती खराब? हे मोजायचे कसे? याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झाला. मुद्दाम रस्त्यांची सहा वेटोळी बांधली, त्यांत निरनिराळ्या जाडीचे ८३६ तुकडे ठेवले, आणि लष्करातील चालकांना दोन वर्षे त्यांवरून मालमोटारी फिरवायला लावल्या. आसावरील वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, हा प्रसिद्ध निष्कर्ष याच चाचणीतून निघाला. उसाच्या हंगामात ज्यांनी आपल्या गावचा रस्ता पाहिला आहे त्यांना तो वेगळा पटवून द्यावा लागणार नाही.

पण मला या चाचणीतला दुसरा भाग अधिक मनोरंजक वाटतो. जाणकार लोकांचा एक गट मोटारींत बसवून निरनिराळ्या रस्त्यांवरून नेला आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. नंतर यंत्रांनी घेतलेल्या मोजमापांशी हे गुण ताडून पाहिले. आढळले असे की, माणसाचे मत बहुतांशी धक्क्यांवरून बनते. पृष्ठभाग किती खडबडीत आहे यावरच गुण अवलंबून राहतात. भेगा आणि ठिगळे यांचा परिणाम अगदी थोडा. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. प्रवाशाला धक्का कळतो, भेग कळत नाही. म्हणजे ज्या अवस्थेत रस्ता स्वस्तात वाचविता येतो, त्या अवस्थेत कोणीही तक्रार करीत नाही. तक्रारींच्या अर्जांवरून दुरुस्तीचा क्रम लावला तर तो नेहमी उशिराचाच लागणार.

ही मुकी अवस्था टिपण्याची युक्ती अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी काढली. त्यांच्याकडे छावण्यांतील रस्ते आणि विमानतळांच्या धावपट्ट्या होत्या, त्याही वय झालेल्या. १९७० च्या दशकात इलिनॉयमधील शॅम्पेन येथील त्यांच्या प्रयोगशाळेत मोहम्मद शाहीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेव्हर’ नावाची पद्धत सिद्ध केली. तिच्यात रस्त्याला शून्य ते शंभर असा स्थितिअंक दिला जातो. नव्या कोऱ्या रस्त्याला शंभर. मग पाहणी करणारा चालत जातो आणि दिसेल त्या प्रत्येक दोषाबद्दल तीन गोष्टी लिहितो: दोष कोणता, तो सौम्य, मध्यम की तीव्र, आणि किती भागावर पसरला आहे. त्यावरून ठरावीक आलेखांच्या आधारे शंभरातून गुण कापायचे. अनेक दोष एकत्र असतील तर कापायच्या गुणांची सरळ बेरीज करीत नाहीत, ती थोडी खाली आणतात. नाहीतर काही रस्ते शून्याच्याही खाली जातील! ८५ च्या वर असलेला रस्ता उत्तम, ५५ च्या खाली आला की खराब, १० च्या खाली गेला की निकामी. आरंभी ही पद्धत मोठ्या संगणकांवर चाले. पुढे ती टेबलावरच्या छोट्या संगणकांवर आली आणि गावोगावच्या नगरपालिकांपर्यंत पोचली.

गेल्या डिसेंबरात द्वितीय वर्षाच्या चौदा विद्यार्थ्यांनी आणि मी महाविद्यालयामागच्या रस्त्यावर ही पद्धत करून पाहिली. साधने म्हणजे टेप, खडू आणि छापील तक्ते. साडेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर पन्नास मीटर लांबीचा तुकडा घेतला की सव्वादोनशे चौरस मीटर होतात, आणि पाहणीचा एक तुकडा साधारण एवढाच असावा असा नियम आहे. चाकांच्या पट्ट्यांत एकमेकींना मिळालेल्या भेगांचे जाळे दिसले की ते सर्वांत वाईट चिन्ह; त्याला मगरीच्या पाठीची उपमा देतात आणि ती अगदी चपखल आहे. खडी सुटून पृष्ठभाग खरखरीत होतो तो निराळा दोष. उन्हाने डांबर वर येऊन रस्ता घाम आल्यासारखा चकाकतो तो निराळा. साइडपट्टी खचून कडा तुटतात तो आणखी निराळा. चाकोरी हाही एक दोषच. भाषेत चाकोरी सोडणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. रस्त्यावर मात्र चाकोरीत पाणी साचते आणि तेच पुढे आत उतरते.

आम्ही मुद्दाम दोन गट केले होते आणि दोघांना तेच तुकडे दिले होते. एका तुकड्याला पहिल्या गटाने ६४ गुण दिले, दुसऱ्याने ७१. भांडण एवढ्यावरूनच की, एका कोपऱ्यातील जाळे ‘मध्यम’ म्हणायचे की ‘तीव्र’. तुकडे हलतात का हे पायाने दाबून पाहण्याचे कोणाला सुचले आणि वाद मिटला. संगणकाला यातले काही कळले नसते. त्याच्या तोंडी ६४ घाला, तो ६४ धरून हिशेब करील. ७१ घाला, ७१ धरून करील. आता लेसर आणि कॅमेरे बसविलेल्या गाड्या रस्त्यांवरून धावत ही मोजमापे घेतात, भेगा ओळखण्याचे कामही यंत्रे करू लागली आहेत. तरी त्यांनी काढलेल्या नोंदी माणसांनी तपासाव्या लागतात.

पाहणी झाली म्हणजे आजचे चित्र मिळते. दुरुस्ती ठरवायची तर उद्याचे चित्र हवे, आणि इथे आज्ञावलीचे खरे काम सुरू होते. तिच्यामागचे गणित मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. कला शाखेच्या वाचकांना सांगायला हवे की, या मार्कोव्हने १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यकादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे घेऊन स्वरामागून व्यंजन आणि व्यंजनामागून स्वर किती वेळा येतो हे मोजले होते. हातातल्या अक्षरावरून पुढच्याची शक्यता कितपत बांधता येते, हे त्याला पाहायचे होते. रस्त्याचेही तसेच. आज ‘बऱ्या’ स्थितीत असलेल्या शंभर किलोमीटरपैकी, काहीच केले नाही तर, पुढच्या वर्षी समजा सत्तर तसेच राहतील, पंचवीस मध्यम होतील, पाच खराब. पातळ थर दिला तर हे प्रमाण वेगळे, जाड थर दिला तर आणखी वेगळे. जुन्या नोंदींवरून ही प्रमाणे काढून ठेवली की वीस वर्षांपुढचा अंदाजही मांडता येतो.

अ‍ॅरिझोना राज्याने हे सर्वप्रथम राज्यभराच्या रस्त्यांवर करून दाखविले. त्या राज्याच्या ताब्यात ७,४०० मैलांचे, म्हणजे सुमारे बारा हजार किलोमीटरचे महामार्ग होते. १९७३ नंतर तेल महागले आणि त्याबरोबर डांबरही; जुने रस्ते एकदम म्हातारे होऊ लागले होते. कमल गोलाबी, राम कुलकर्णी आणि जॉर्ज वे यांनी रचलेली योजना १९८० पासून वापरात आली. कुलकर्णी हे नाव वाचून मी थबकलो, हे कबूल करतो. आडनाव कर्नाटकातही आहे, तेव्हा हक्क सांगण्याची घाई नको. पण गावचे दप्तर ठेवणे हे ज्या वतनाचे काम, त्या वतनाचे नाव रस्त्यांच्या दप्तराशी जोडले जावे हा योग मला आवडला. पहिल्याच वर्षी या योजनेमुळे १ कोटी ४० लाख डॉलर वाचले, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या उपयोजनासाठी दिले जाणारे, आता एडलमन यांच्या नावाने ओळखले जाणारे पारितोषिक १९८२ साली तिला मिळाले. पैसे वाचले ते जादूने नव्हे. पूर्वी रस्ता फार बिघडू देत आणि मग त्यावर फार जाड थर घालीत. हिशेबाने दाखविले की, आधी जाऊन थोडे करणे स्वस्त पडते, आणि काही ठिकाणी जाड थर पातळ थराहून फारसा अधिक टिकतही नाही.

वर्गात मी हे इतके सांगून झाल्यावर पाहणीला आलेला एक विद्यार्थी उठला. आम्ही मोजलेल्या तुकड्यांतले शेवटचे दोन त्याच्या वस्तीकडे जातात. त्यांचा अंक १८ आणि २१ आला होता. तो म्हणाला, “सर, या हिशेबाने आमचा रस्ता कधीच व्हायचा नाही. दवाखान्यात जायचं तर रिक्षावाले वस्तीत येत नाहीत. चांगल्या रस्त्याला आणखी चांगलं करायचं आणि आम्ही थांबायचं, असंच ना?”

या प्रश्नाला बगल देऊन हा विषय शिकविता येणार नाही. ४० लाखांचे गणित खरे आहे आणि त्या मुलाचे म्हणणेही खरे आहे. उत्तर शोधताना मी पुन्हा अ‍ॅरिझोनाच्या योजनेकडे वळलो. ती योजना ‘कमीत कमी खर्च’ एवढेच शोधत नाही. तिच्यात आधी अटी घालाव्या लागतात: अमुक इतके रस्ते चांगल्या स्थितीत असलेच पाहिजेत, आणि अगदी वाईट स्थितीत अमुक टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. या अटी पाळून सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, ते संगणक सांगतो. अटी संगणक ठरवीत नाही. त्या ठरविल्या तिथल्या अधिकाऱ्यांनी, आणि रहदारीच्या रस्त्यांसाठी त्यांनी अधिक कडक ठरविल्या. वस्तीला जाणारा कोणताही रस्ता ३० च्या खाली राहता कामा नये, अशी अट उद्या एखाद्या नगरपालिकेने घातली तर आज्ञावली ती मुकाट्याने पाळेल. एवढेच नव्हे, त्या अटीपायी एकूण खर्च किती वाढला हेही सांगेल. न्यायाची किंमत रुपयांत समोर येते, आणि मग ती मोजायची की नाही यावर सभागृहात उघड बोलता येते. आजवर हा सौदा होत नव्हता असे नाही; फक्त तो कोणाला दिसत नव्हता. शिवाय खणून नवा करण्याइतके पैसे नसले तरी गटार मोकळे करणे, मोठे खड्डे भरून वाट चालती ठेवणे, हे स्वस्त काम वाईट रस्त्यावर दरवर्षी करता येते. जाणते अभियंते ते करतातच.

वाहनांच्या संख्येवरून लाभ मोजण्याची जी सर्रास रीत आहे तिच्याबद्दल मात्र मला शंका आहे. जागतिक बँकेने रस्त्यांसाठी एक प्रसिद्ध आज्ञावली केली आहे. तिची तिसरी आवृत्ती १९८७ साली आली, चौथी २००० साली. तिच्यासाठी केनिया, कॅरिबियन बेटे, ब्राझील आणि भारत इथे प्रत्यक्ष अभ्यास झाले. भारतातला अभ्यास दिल्लीच्या केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने केला, आणि खराब रस्त्यावर ट्रकचे डिझेल व टायर किती अधिक खर्च होतात याचे आपल्या देशातले आकडे त्यातून मिळाले. काम मोलाचे आहे. पण डोक्यावर भारा घेऊन चालणारी बाई डिझेल जाळीत नाही, टायर झिजवीत नाही. लाभाच्या त्या रकान्यात तिला फारशी जागा नाही. तिच्यासाठी वरच्यासारखी अटच घालावी लागते.

परदेशची वक्ररेषा जशीच्या तशी आपल्याकडे आणणेही धोक्याचे. अ‍ॅरिझोना बहुतांशी कोरडा मुलूख. कोकणातला जांभा आणि चार महिन्यांचा पाऊस, किंवा मराठवाडा-विदर्भातली पाण्याने फुगणारी आणि उन्हाने तडकणारी काळी माती त्या रेषेत कशी बसणार? स्थानिक नोंदींशिवाय आज्ञावली म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

नोंदी ठेवण्याच्या बाबतीत आपली परंपरा बांधणीकडे झुकलेली आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली अहवाल दिला आणि पेट्रोलवरील करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी तिथे झाली. या दोन्हींत भर होता तो देशाला किती रस्ते हवेत यावर, आणि त्या काळी ते योग्यच होते. देखभालीचा हिशेब मागाहून आला. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेवली गेली. तिचे संगणकीय दप्तर पुण्याच्या सी-डॅकने तयार केले. पुढे ‘ई-मार्ग’ ही प्रणाली आली: अभियंता रस्त्यावर जाऊन स्थळाची खूण असलेली छायाचित्रे काढतो, गुण देतो, आणि देखभालीचे बिल त्या गुणांप्रमाणे निघते. कागदावर पाहणी करून मोकळे होण्याची सोय त्यामुळे बरीच कमी झाली.

शहरांत याच दप्तराचा आणखी एक उपयोग आहे आणि तो कोणालाही पटेल. नवा थर दिला की महिन्याभरात कोणी नळासाठी, कोणी केबलसाठी तो खणतो, हे आपण सर्वांनी सोसले आहे. खणणाऱ्या सगळ्यांचे बेत एकाच दप्तरात आधी लिहिलेले असतील तर निदान आधी खणून मग डांबर घालता येईल. छप्पर घालून झाल्यावर त्याला भोक पाडण्यात काय अर्थ आहे?

दप्तराचा शत्रू मात्र एकच: ते शिळे होणे. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने अशी पद्धत राज्यांवर बंधनकारक केली, १९९५ साली सक्ती काढून घेतली. ज्यांनी पाहणी नियमाने चालू ठेवली त्यांच्याच हाती वर्षानुवर्षांची ओळ आली. एका वर्षाच्या पाहणीतून रस्ता कसा आहे एवढेच कळते; तो कोणत्या वेगाने घसरतो आहे हे कळायला दुसरी पाहणी लागते, त्याच जागी.

आमचे खडू तर पहिल्याच महिन्यात पुसले गेले. म्हणून विद्यार्थ्यांनी विजेच्या खांबांचे क्रमांक वहीत टिपून घेतले आहेत आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला कडेच्या दगडावर तांबड्या रंगाचा ठिपका दिला आहे. वस्तीकडच्या दोन तुकड्यांना कडेचे दगडच उरलेले नाहीत. तिथे मोरीच्या कठड्यावर ठिपका आहे आणि तिथून एकोणीस पावले मोजायची आहेत.